पुढचं अलॉय वाकलं, बेअरिंग बदललं तरी परत घुंऽऽ, आता चाकच बदलू का?

रात्रीची_किक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वैतागलोय म्हणून. गाडी 150 सीसीची, साधी रोजच्या वापराची, पुढे 17 इंची अलॉय, डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर, एबीएस नाही. दोन महिन्यांपूर्वी रात्री समोरच्याची लाईट डोळ्यावर आली आणि खड्डा दिसलाच नाही, पुढचं चाक असं आदळलं की दात वाजले. पडलो नाही हे नशीब. सकाळी बघतो तर टायर बसलेला आणि रिमच्या काठाला अंगठा बसेल एवढा पोचा.

एका गॅरेजमध्ये नेली. त्याने टायर काढला, पोच्यावर लाकडाचा ठोकळा धरला आणि मोठ्या हातोडीने धाड धाड मारून काठ सरळ केला. म्हणाला बेअरिंगलाही मार बसलाय, म्हणून दोन्ही नवीन टाकली. पहिले हजारेक किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली आणि मग हळूहळू रडगाणं सुरू झालं. एक तर हवा टिकत नाही, 28 पीएसआय भरली की चार दिवसांत 20. दुसरं म्हणजे चाळीसच्या पुढे पुढून घुंऽऽ असा आवाज, क्लच दाबला तरी येतोच म्हणजे इंजिनचा नाही. तिसरं, आणि याचीच जास्त भीती वाटते, मध्येच कधीतरी पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर पार आत जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबली की नेहमीसारखी कडक.

आता गॅरेजवाला म्हणतो परत बेअरिंग टाकू. एवढ्यात कशी गेली विचारलं तर म्हणे माल खराब निघाला असेल. मला कळत नाहीये की रिम परत सरळ करून घ्यावी का नवीन चाकच टाकावं, आणि बेअरिंग घरी बदलणं जमण्यासारखं आहे का. घरी सॉकेटचा सेट आहे, हातोडी आहे, उत्साह आहे. अनुभव म्हणाल तर चेन आणि ब्रेक पॅड बदललेत, त्यापुढे शून्य.


वंगणवाला

भावा, तीन दुखणी एकत्र बांधू नकोस. हवा जाते ते रिमचं दुखणं. घुंऽऽ आणि लिव्हर ही मात्र बहुतेक एकाच घरची भावंडं. बेअरिंगमध्ये खेळ आला की चाक आडवं डुलतं, त्याबरोबर डिस्क डुलते, डिस्क पॅडना ढकलून मागे सारते, आणि पुढच्या वेळी तू लिव्हर दाबतोस तेव्हा अर्धी लिव्हर पॅड जागेवर आणण्यातच खर्च होते. म्हणून दुसऱ्यांदा दाबली की कडक. हे माहीत नसेल तर माणूस ब्रेक ऑइल बदलत बसतो, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तोवर एक कर, गाडी चालवू नकोस. लिव्हर आत जाते म्हणतोस तिथेच विषय संपला.

आता तपासणी. गाडी मेन स्टँडवर लाव, मागे कुणाला तरी बसव म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. एक हात फोर्कच्या खालच्या नळीवर ठेव आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरव. बेअरिंग गेलेलं असेल तर कानाला कळायच्या आधी तळहाताला कळतं, नळीत बारीक खरखर येते, वाळूवरून बोट ओढल्यासारखी. मग चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून एक हात ओढ, एक ढकल. फोर्क जागच्या जागी आणि चाकच टकटक हललं तर बेअरिंग नाहीतर एक्सल (चाकाचा मधला दांडा) सैल. त्यानंतर चाक सोडून फोर्कच्या दोन्ही नळ्या खालून धरून पुढेमागे हलव. तिथे टक लागली तर तो कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा खेळ, त्याचा चाकाशी संबंध नाही. लोक हे दोन्ही खेळ कायम एकमेकांत मिसळतात.

टायरही असाच गुणगुणतो, विशेषतः उंचसखल झिजला असेल तर. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं, ते आपलं स्पीडबरोबर चढत जातं.

रिमचा आऊट, म्हणजे फिरताना किती वाकडी जाते ते बघायला डायल गेज लागत नाही. फोर्कच्या नळीला एक प्लॅस्टिकचा टाय बांध, त्याची शेपटी कापून रिमच्या काठाजवळ आण आणि चाक हळू फिरव. कुठे घासते, कुठे फट पडते ते दिसेल. आडवा आणि उभा दोन्ही मोज. होंडा, सुझुकीच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन्हीकडे 2 मिमी ही शेवटची मर्यादा असते, त्यापुढे चाक बदला म्हणतात.

आणि हो, एक टेस्ट खास तुझ्यासाठी. एक्सलचा नट सैल असताना चाक फिरवून बघ आणि नट पूर्ण कसून परत फिरव. फरक पडतो का ते इथे लिही. का विचारतोय ते तुझं उत्तर आल्यावर सांगतो.


दोन_चाकं_पुरे

एवढं ऑपरेशन कशाला राव. अलॉय सरळ करणाऱ्याकडून मशीनवर सरळ करून घ्यायचं, आत ट्यूब टाकायची, विषय संपला. माझं मागचं चाक असंच वाकलं होतं, तीन वर्षं झाली, वीस हजार किलोमीटरच्या वर चालवलं, काही झालं नाही. नवीन चाक म्हणजे उगाच नाकापेक्षा मोती जड.


लेथवाली

दोन_चाकं_पुरे, तुमचं चाललं हे ऐकून बरं वाटलं, पण तुमचं मागचं होतं आणि याचं पुढचं आहे, हा फरक लहान नाही. पुढचं चाक धावत्या गाडीत दगा देतं तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

मी मशीन शॉपमध्ये काम करते, गाड्या दुरुस्त करणं हा धंदा नाही पण अॅल्युमिनियम रोज हाताखालून जातं, म्हणून सांगते. बाईकची अलॉय चाकं सहसा ओतीव असतात. ओतीव अॅल्युमिनियम पत्र्यासारखं नसतं, ते थोडं वाकतं आणि मग एकदम तडकतं. थंड असताना हातोडी मारून काठ जागेवर आणला की डोळ्याला सरळ दिसतो, पण वाकताना एकदा ताणलेला धातू उलट्या दिशेने परत ताणला गेला. बारीक तडा बहुतेक तिथेच जन्माला येतो. गॅसची ज्योत लावून सरळ करणारे आहेत, तिथे उलटा घोळ, या चाकांना कारखान्यात उष्णता देऊन मजबुती आणलेली असते आणि बेहिशोबी तापवलं की ती त्या जागी उतरते. वाकलं कुठे यावरही आहे. नुसता बाहेरचा काठ किंचित दबला असेल तर जाणकार माणूस हळूहळू आणू शकतो. पोचा स्पोकच्या मुळाशी किंवा टायर जिथे बसतो त्या पट्ट्यात उतरला असेल तर हात लावू नये. आणि तडा असेल तर वेल्डिंग अजिबात नाही.

रात्रीची_किक, तुमची हवा चार दिवसांत 8 पीएसआय उतरते, ती कुठून जाते ते आधी बघा. साबणाचं पाणी ब्रशने काठाला लावा. टायर आणि रिमच्या सांध्यातून बुडबुडे आले तर एक वेळ काठ वाकडा आहे म्हणता येईल, पण सांध्यापासून लांब, नुसत्या धातूतून आले तर तो तडा.

टायर काढलात की अजून एक जुनी युक्ती. पोच्याच्या जागचा मळ आणि रबर स्वच्छ घासून काढा, तिथे रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसा, अगदी खरखरून पुसा, आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल खडूत वर येतं आणि पांढऱ्यावर पेन्सिलने ओढल्यासारखी ओली काळपट रेघ उमटते. नुसत्या डोळ्याला न दिसणारे तडे यात दिसलेत मला.

ट्यूब टाकून हवा अडेल हो, पण तडा काही ट्यूबला विचारून वाढत नाही. हवा जात होती तीच तुमची धोक्याची घंटा होती, ट्यूब टाकून तिचा आवाज तेवढा बंद होतो.


आऱ्यावाला

मधेच घुसतो, माफी. माझ्याकडे स्पोकवाली गाडी आहे, पुढच्या रिमला आऊट आला तर मलाही अख्खं चाक बदलावं लागेल का?


वंगणवाला

नाही रे. आऱ्यांच्या चाकाची हीच तर मजा. थोडा आऊट असेल तर निपल (आरीच्या टोकाचे छोटे नट) कमीजास्त कसून काढता येतो, एका बाजूला ओढायचं तर त्या बाजूच्या आऱ्या कसायच्या आणि समोरच्या तेवढ्याच सैल करायच्या, एका वेळी पाव-अर्धा फेरा, जास्त नाही. सगळ्या आऱ्यांवर पान्याने टिचकी मारत जा, घट्ट आरी टिणटिण वाजते, सैल असेल ती भद्द. रिमच दबलेली असेल तर त्याच हबवर (चाकाचा मधला भाग) नवी रिम विणून मिळते. फक्त हे विणणारा हात चांगला हवा, आणि नव्या विणीनंतर थोडं चालवून एकदा परत तपासून घ्यायचं. वेगळा धागा काढ, इथे आधीच गर्दी झालीय.


रात्रीची_किक

सगळ्यांना धन्यवाद, रविवारची पूर्ण दुपार यात गेली. रिपोर्ट देतो.

आऊट आडवा 1 मिमीच्या आत आहे, पण उभा एका जागी साडेतीन. म्हणजे हातोडीने काठ सरळ दिसतोय पण चाक गोल राहिलेलं नाही. साबणाच्या पाण्यात बुडबुडे सांध्यातूनच आले म्हणून जरा हुश्श केलं होतं, पण टायर काढून लेथवालींनी सांगितलं तसं रॉकेल आणि खडू केलं. दोन मिनिटं काहीच नाही, आणि मग बघता बघता एक रेघ वर आली, जेमतेम नखाएवढी लांब, टायर बसतो त्या पट्ट्यात, पोच्याच्या बरोबर खाली. त्याआधी मी तिथे मोबाईलचा टॉर्च मारून शपथेवर सांगितलं असतं की काही नाही. चाक गेलं, विषय संपला. दोन_चाकं_पुरे दादा, राग मानू नका पण तुमच्या मागच्या चाकावरही एकदा खडू टाकून बघाच.

आता वंगणवाला काकांची टेस्ट. नट सैल असताना चाक फिरतं, खरखर आहे पण फिरतं. नट कसला की जड होतं, एका फेरीत दोन-तीनदा अडखळतं आणि ढकलून सोडलं तर दीड फेऱ्यात थांबतं. ब्रेक घासतोय का म्हणून कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) सोडवून बाजूला बांधून परत केलं, तेच. आणि गंमत म्हणजे एवढं जड फिरूनही नऊ-तीनला डिस्कच्या बाजूने किंचित हलतंच. घट्ट पण आणि सैल पण, हे कसं काय?


वंगणवाला

हेच ऐकायचं होतं. आता चाक काढ आणि दोन्ही बेअरिंगच्या मधली नळी बघ. कोणी तिला स्पेसर म्हणतं, कोणी कॉलर, कोणी नुसतंच बुश. लोक बेअरिंगचा नंबर पाठ करतात आणि या नळीला विचारत नाहीत. बेअरिंग परत परत जात असेल तर दहातल्या आठ वेळा माल खराब नसतो, नळीचा घोळ असतो किंवा बसवणाऱ्याचा. हा माझा अनुभव आहे, शास्त्र लेथवाली सांगतील.


लेथवाली

सांगते. बेअरिंगला दोन कड्या असतात, बाहेरची हबमध्ये घट्ट बसलेली आणि आतली एक्सलवर. एक्सलचा नट कसता तेव्हा दाब एका फोर्कपासून बाहेरची कॉलर, मग पहिल्या बेअरिंगची आतली कडी, मग स्पेसर, मग दुसऱ्या बेअरिंगची आतली कडी, मग दुसरा फोर्क असा सरळ रेषेत जायला हवा. दाब सगळा नळीने खायचा, बॉलनी नाही. नळी आखूड असली की आतल्या दोन्ही कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या कड्या मात्र हबच्या खांद्याला, म्हणजे आतल्या पायरीला टेकून जागेवर असतात, आणि मधले बॉल तिरके चिमटले जातात.

चिमटा किती जोराचा? 12 मिमीचा आटा आहे असं धरा आणि 60 न्यूटन मीटरने कसला, तर ढोबळ हिशोबाने एक्सलमध्ये 25 किलोन्यूटनचा ताण येतो, म्हणजे अडीच टन. तुमच्यात 12 मिमी एक्सल असेल तर बेअरिंग बहुधा 6301 असेल, त्याची उभं असताना भार झेलायची क्षमता साधारण 4.2 किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचारशे किलो, आणि तीसुद्धा उभ्या भारासाठी, आडव्या चिमट्यासाठी नाही. आता या अडीच टनातला निम्मा जरी बॉलवर गेला तरी काय होईल बघा. हजार किलोमीटर चाललं हेच आश्चर्य.

घट्ट आणि सैल एकदम कसं, तर आतली जाळी तुटली असणार. जाळी बॉलना सारख्या अंतरावर धरते, ती गेली की बॉल एकीकडे गोळा होतात, तिथे अडखळतं आणि दुसरीकडे रिकामं राहतं.

मापं घ्या, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकपट्टी) आहे का? हबची पूर्ण रुंदी एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत. मग दोन्हीकडून बेअरिंगच्या खांद्यापर्यंतची खोली. रुंदीतून दोन्ही खोल्या वजा केल्या की खांद्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर येतं. नळीची लांबी त्याएवढी किंवा केसभर जास्त हवी. कमी कधीच नको.


रात्रीची_किक

व्हर्नियर शेजारून आणला.

आधी बेअरिंगचं. डिस्कच्या बाजूचं बाहेर काढलं आणि सील उचकटून बघितलं तर जाळीचे तुकडे, ग्रीसच्या जागी तांबूस काळा चिखल आणि बॉल सगळे एका बाजूला, लेथवालींनी सांगितलं तस्संच. नंबर 6301 बरोबर होता.

हबची रुंदी 92.9, खोली एकीकडे 19.3 आणि दुसरीकडे 12.4. म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत 61.2. नळी भरली 60.5. तीन वेळा मोजली, 60.5च. 0.7 मिमी कमी!

आणि नळीचं तोंड बघून तर डोकंच फिरलं. एका तोंडाला पंचाच्या टोच्या आणि त्यावर कानशीचे तिरके ओरखडे. म्हणजे जुनी बेअरिंग काढताना पंच नळीवरच हाणला असणार, तोंड फुगून मशरूमसारखं झालं, मग ते बेअरिंगला नीट टेकेना म्हणून कानशीने घासून सपाट केलं. सपाट करता करता पाऊण मिलिमीटर खाल्ला. आणि मला सांगतो माल खराब निघाला.

ठरलं, नवीन चाक आणि नवीन स्पेसर दोन्ही मागवतो. बेअरिंग यावेळी मीच बसवणार. काय काय चुका होऊ शकतात ते आधीच सांगून ठेवा.


बारा_तेराचा_पाना

चुकांचा विषय निघालाच आहे तर मी तज्ज्ञ आहे. पहिल्यांदा बेअरिंग टाकली तेव्हा हब मस्त गरम केला, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, एक बाजू टप्पकन बसली, पालथं करून दुसरी बाजू टप्पकन बसली, मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला वळलो आणि टेबलावर नळी पडलेली. आतली नळी. ती मध्ये टाकायचीच राहिली होती. नवीकोरी बेअरिंग परत ठोकून काढावी लागली, आणि ठोकून काढलेली बेअरिंग परत वापरायची नसते, कारण काढताना मार आतल्या कडीवर बसतो आणि बॉलचे वळ कडीवर उठतात. डोळ्याला दिसत नाहीत पण हजार-दोन हजार किलोमीटरनी गायला लागतात. तेव्हापासून नळीवर लाल टेप लावून ठेवतो, बसवतानाच काढायची.

आता रीत. हबमधून सील वगैरे रबरी वस्तू काढून टाक, हीट गनने हबचा मधला भाग चोहोबाजूंनी फिरवत फिरवत गरम कर, पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हावा इतपत, म्हणजे शंभर अंशांच्या आसपास. ज्योत नको. एवढ्या उष्णतेने 37 मिमीचं ते भोक सुमारे 0.07 मिमीने मोठं होतं, आणि फ्रीजरमधलं बेअरिंग 0.02 ने आकसतं. मिळून केसाच्या जाडीएवढं अंतर, पण तेवढ्यात हातोडीची गरज जवळजवळ संपते. चाक खाली ठेवताना दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेव, भार डिस्कवर येऊ द्यायचा नाही, डिस्क वाकली तर आगीतून फुफाट्यात.

ठोकायची वेळ आलीच तर फक्त बाहेरच्या कडीवर. बाहेरच्या कडीपेक्षा किंचित लहान सॉकेट शोध. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ग्राइंडरवर थोडी घासून घेतलीस तर तीच छान ठोकणी होते, घासली नाहीस तर तीच आत अडकून बसेल, हेही केलंय. आवाजाकडे कान ठेव. बेअरिंग सरकत असेपर्यंत ठप ठप, खांद्याला टेकलं की एकदम ठण्ण. तो ठण्ण आला की थांब.


वंगणवाला

पाना बरोबर सांगतोय, क्रम तेवढा मी पुरा करतो. मॅन्युअलमध्ये कोणती बाजू आधी ते दिलेलं असतं, बहुतेक डिस्कची. ती बाजू खांद्याला टेकेपर्यंत पूर्ण बसव. मग नळी टाक. मग दुसरी बाजू, पण इथे हात आवर, तिची आतली कडी नळीला टेकली की बास, खांद्याच्या नादात अजून ठोकू नकोस. बोट आत घालून नळी हलवून बघ. खुळखुळली तर बेअरिंग अजून आलेलं नाही, बोटाने जोर लावल्यावर जेमतेम सरकली तर बरोबर. एक्सल घालून आतली कडी फिरव, तुपासारखी फिरायला हवी.

बेअरिंग घेताना नुसतं 6301 मागू नकोस, पुढे 2आरएस बघ, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेडला पत्र्याची झाकणं असतात, धूळ अडते पण पाणी नाही. चुकून 6201 घेऊ नकोस, एक्सलचं भोक तेच 12 मिमी पण बाहेरून 32, तुझं 37. सीलबंद बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरायची गरज नाही. हबचं ऑइल सील मात्र नवीन टाक आणि त्याच्या ओठाला बोटभर ग्रीस लाव. प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट त्या सीलवर मारायची सवय असेल तर ती सोड, पाणी ओठाखालून आत जातं आणि मग बाहेर यायचा रस्ता नसतो.

बेअरिंग थंड हबमध्येही नुसत्या अंगठ्याने आत गेलं तर मात्र तिथेच थांब, म्हणजे जागा मोठी आहे. नव्या चाकात असं झालं तर चाक परत कर. काही जण तिथे पंचाच्या टोच्या मारून बेअरिंग घट्ट करतात, तो वेडेपणा आहे, बेअरिंग चार टोकांवर उभं राहतं आणि वाकडं बसतं.


लेथवाली

नवीन चाक घेताना एक. त्याच मॉडेलचं म्हणून घेऊ नका, पार्ट नंबरवरून घ्या. डिस्कवाली आणि ड्रमवाली, एबीएसवाली आणि बिगर एबीएसची चाकं दिसायला सारखी असतात आणि हबची रुंदी, डिस्कचे बोल्ट, मीटरची गरारी यात फरक निघतो. एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तरी डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही. आणि नवीन नळी आली तरी मोजा. नवीन हबही मोजा. विश्वास व्हर्नियरवर.

जुना एक्सलसुद्धा काचेवर लोळवून बघा. एवढा मार बसल्यावर तो वाकलेला असू शकतो. मर्यादा साधारण 0.2 मिमीच्या आसपास असते, एक्सल आणि काचेच्या मधून उजेड डुलताना दिसला तर बदला. आणि फोर्कच्या नळ्याही सील-डस्टकव्हर वर करून बघून घ्या, त्याच खड्ड्याने त्यांनाही सोडलं नसेल तर.


दोन_चाकं_पुरे

खडू टाकून बघितला. रेघ नाही आली. पण खरं सांगू, टाकताना हात थरथरत होता.


रात्रीची_किक

झालं एकदाचं!

नवीन हब मोजला, 61.2. नवीन नळी 61.3. एवढा आनंद दहावीच्या निकालाला झाला नव्हता. एक्सल काचेवर सरळ लोळला, फोर्कही ठीक. हब गरम केला, पहिलं बेअरिंग अक्षरशः आपलं आपण आत गेलं, वरून दोनदा ठप आणि ठण्ण. नळीवर लाल टेप लावली होती, पाना भाऊंचे आभार, कारण खरंच विसरलो असतो. दुसरं बेअरिंग जरा तिरकं धरलं गेलं आणि अर्ध्यात अडलं, घाम फुटला, पण ठोकलं नाही, परत हीट गन फिरवली आणि ते सरळ होऊन बसलं. नळी बोटाला जेमतेम सरकते.

टायरचा बाण बघून बसवून घेतला, बॅलन्सिंग करून घेतलं. एक्सलला ग्रीसचा पातळ हात मारला, नट मॅन्युअलच्या आकड्यावर टॉर्क पान्याने कसला, फोर्क चार-पाच वेळा दाबून मगच खालचा पिंच बोल्ट (एक्सलला फोर्कमध्ये आवळून धरणारा) कसला. नट सैल असताना आणि कसल्यावर चाक सारखंच फिरतंय. ढकलून सोडलं तर थांबायचं नावच घेत नाही, पॅड घासतात तेवढंच.

एक गडबड केलीच. चाक बाहेर असताना भाच्याने पुढचा ब्रेक दाबला, दोन्ही पॅड एकमेकांना चिकटले. लाकडी पट्टीने हळूहळू मागे सारले. कुणी करणार असाल तर कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची घडी कोंबून ठेवा.

दोनशे किलोमीटर झाले, आवाज नाही, लिव्हर पहिल्या दाबाला कडक, हवा 28 ची 28. जुनं चाक अजून गॅलरीत पडलंय, एक ओळखीचा म्हणतो मला दे, मी सरळ करून वापरतो. देऊ का?


वंगणवाला

अजिबात नाही. नीट निघत असेल तर डिस्क काढून घे, जाडी आणि आऊट बरोबर असेल तर ती कामाची आहे. आणि एक विसरू नकोस, पॅड मागे सारले होतेस ना, गाडी हलवण्याआधी लिव्हर पाच-सहा वेळा दाबून पॅड जागेवर आणायचे असतात, तू आणलेस म्हणून ठीक. आणि रिम हॅकसॉने दोन ठिकाणी आरपार काप, मग भंगारात टाक. नाहीतर तेच चाक उद्या रंग मारून कुणाच्या तरी गाडीला लागलेलं असेल.


रात्रीची_किक

कापलं. दुसऱ्या कापाला ब्लेड त्या रेघेपाशी आलं तेव्हा शेवटचं बोटभर कापावंच लागलं नाही, आपलं आपणच तुटलं.